पेंग्विन थांबत थांबत घसरत होता

२००३ साल. सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीवर आम्ही चौघं राहायचो. चौघांनी वर्गणी काढून एक असेंबल्ड पीसी घेतला होता. एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची (विंडोजऐवजी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) सीडी टाकून मी हार्ड डिस्कचा शेवटचा तुकडा त्याला दिला. बाकीच्या तिघांची अट एकच होती, विंडोजला धक्का लागता कामा नये. मेन्यूत गेम्सच्या यादीत ‘टक्स रेसर’ नावाचा एक गेम होता. बर्फाच्या डोंगरावरून एक पेंग्विन पोटावर घसरत येतो, वाटेत पडलेले हेरिंग मासे गोळा करत जातो, एवढाच खेळ.

गेम सुरू केला. पांढरा डोंगर दिसला, पेंग्विन दिसला, कडेची झाडं दिसली. आणि सगळं तसंच उभं राहिलं. एक, दोन असे आकडे मोजून होईपर्यंत पुढचं चित्र आलं आणि पेंग्विन हातभर पुढे सरकला. पुन्हा थांबला. मी उजवा बाण दाबला. पेंग्विन वळला, पण त्याने वळायला हवं होतं ती जागा तोवर मागे गेली होती. एका चित्रात मासा समोर होता, पुढच्या चित्रात तो पाठीमागे होता. मधे काय झालं ते दिसलंच नाही. एका उंचवट्यावरून पेंग्विन हवेत उडाला आणि दोन्ही पंख पसरून तिथेच लटकला. नेमकी तेव्हाच भारनियमनाची वेळ झाली, लाइट गेली, स्क्रीन काळी झाली. हवेत थांबलेला तो पेंग्विन मला आजही डोळ्यांसमोर दिसतो.

मित्रांनी निष्कर्ष काढला की लिनक्सवर गेम चालत नाहीत. पण माझ्या मनाला ते पटेना, कारण त्याच पीसीवर, त्याच ग्राफिक्स कार्डावर विंडोजमध्ये त्याच्या दसपट जड गेम पळत होते. पुढे कळलं ते असं. कोणतंही त्रिमितीय चित्र म्हणजे हजारो त्रिकोण. ते भराभर काढणं हेच ग्राफिक्स कार्डाचं काम. पण कार्डाशी बोलायचं तर ड्रायव्हर लागतो, आणि आमच्या कार्डाचा चालेल असा ड्रायव्हर त्या सीडीवर नव्हता. त्यामुळे ‘मेसा’ नावाचं सॉफ्टवेअर ते सगळे त्रिकोण बिचाऱ्या प्रोसेसरकडून एकेक करून रंगवून घेत होतं. कार्ड शेजारी रिकामं बसलेलं, त्याला कामच सांगितलं जात नव्हतं.

मी कॅफेत जाऊन ड्रायव्हर उतरवला, सीडीवर घेतला. तो बसवायला कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, हेडर फाइल्स लागतात असं कळलं, त्या शोधल्या. दोनदा स्क्रीनच गेली, नुसतं काळ्यावर पांढरं लॉगिन उरलं. दहा-बारा दिवसांनी एका रात्री, सगळे झोपलेले असताना, पेंग्विन सरळ खाली घसरला. कुठेही न थांबता. बर्फाचे कण उडाले, मासे टपटप गोळा झाले. मी उतरणीच्या शेवटापर्यंत गेलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहाटेपर्यंत तेच चाललं होतं.

बावीस-तेवीस वर्षं झाली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. लिनक्स तेव्हा धरलं ते सुटलं नाही, आणि छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गेम कसा पोचतो या प्रश्नानेही मला सोडलं नाही. लोक याचं उत्तर बाजारात शोधतात. वापरणारे थोडे म्हणून गेम नाहीत, गेम नाहीत म्हणून वापरणारे थोडे. हे चक्र खरं आहे, आणि त्यात माणसं भरडलीही गेली आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत स्कॉट ड्रेकर यांनी ‘लोकी सॉफ्टवेअर’ नावाची कंपनी काढली. विंडोजवरचे नावाजलेले गेम रीतसर परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे, हा धंदा. काम उत्तम होतं. गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं. २००२ च्या जानेवारीत कंपनी बंद पडली. आम्ही सांगलीत टक्स रेसरशी झगडत होतो तेव्हा तिला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, आणि आम्हाला तिचं नावही माहीत नव्हतं.

पण लोकीत काम करणारे सॅम लँटिंगा यांनी एसडीएल नावाचं एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, लिहिलं होतं. खिडकी उघडणं, कीबोर्ड ऐकणं, आवाज वाजवणं ही गेमची रोजची कामं कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर एकाच पद्धतीने करून देणारं. कंपनी बुडाली, एसडीएल राहिलं. आज असंख्य गेम त्यावर उभे आहेत, आणि अगदी मूठभर लोक वापरतात अशा सिस्टिमवरही जुने गेम पटकन चालू होतात त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. म्हणून लोकीला अपयशी म्हणताना माझी जीभ अडखळते.

आणि मग डूम. ही गोष्ट मी कुणालाही सांगताना थकत नाही.

डूम हा गोळ्या झाडायचा गेम १९९३ च्या डिसेंबरात डॉसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिस्टिमवर आला. १९९४ मध्ये तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरमधल्याच डेव्ह टेलर यांनी तो लिनक्सवर आणला. लिनक्स तेव्हा अवघं तीन वर्षांचं होतं. लिनस टोरवाल्ड्सने त्याची पहिली घोषणा केली ती १९९१ च्या ऑगस्टमध्ये. विद्यार्थी आणि हौशी मंडळी सोडली तर ते कुणाला ठाऊकही नव्हतं, त्यामुळे त्या पोर्टमधून, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर आणलेल्या आवृत्तीतून, पैसा सुटण्याची शक्यता शून्य. टेलर यांना लिनक्स आवडायचं म्हणून त्यांनी ते केलं. पुढे १९९७ च्या डिसेंबरात आयडीने डूमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, जगाला द्यायचं ठरवलं, तेव्हा एक अडचण निघाली. डॉसच्या आवृत्तीत आवाजासाठी वापरलेलं लायब्ररी दुसऱ्यांच्या मालकीचं होतं, ते उघडं करता येत नव्हतं. मग काय दिलं? लिनक्सची आवृत्ती. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या, कुणालाही वापरू आणि बदलू देणाऱ्या परवान्याखाली आला. आज लोक प्रिंटरवर, कॅमेऱ्यावर, कॅल्क्युलेटरवर डूम चालवून दाखवतात, त्या साऱ्याचं मूळ शोधत गेलं की आपण त्या बिनफायद्याच्या लिनक्स पोर्टपाशी येऊन थांबतो. लाखो लोक ज्या डॉसवर तो गेम खेळले, ती आवृत्ती कुलपातच राहिली. जी फारच थोड्यांसाठी केली होती, ती सगळ्यांची झाली.

मला यात बाजार कुठे दिसत नाही. एका माणसाची ओढ दिसते, आणि तिच्या पाठोपाठ उघडं राहिलेलं दार दिसतं.

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनची कथाही याच घरातली. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प १९९४ पासून आलेक्झांडर जुलियार्ड सांभाळतात. त्याची १.० आवृत्ती आली २००८ च्या जूनमध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. वाइन काय करतं ते लोकांना नीट सांगितलं जात नाही म्हणून दोन ओळी लिहितो. विंडोजसाठी लिहिलेल्या गेममधलं बरंचसं काम, म्हणजे गणितं, हालचाली, टकरा, हे थेट प्रोसेसरवर होतं. लिनक्सचा प्रोसेसर तोच असतो, त्यामुळे तिथे काही बदलावं लागत नाही. अडतं ते गेम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागतो तेव्हा. ही फाइल उघडून दे, एवढी मेमरी दे, हा आवाज वाजव. ही मागणी तो विंडोजच्या बोलीत करतो. वाइन मधे उभं राहून ती लिनक्सच्या बोलीत सांगतं आणि उत्तर पुन्हा विंडोजच्या बोलीत पोचवतं. नकली कॉम्प्युटर वगैरे काही उभा करत नाही. ते दुभाष्याचं काम करतं.

सगळ्यात अवघड भाषांतर होतं चित्रांचं. विंडोजवरचे गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या बोलीत बोलतात. ते ओपनजीएल या लिनक्सवरच्या जुन्या बोलीत उतरवताना अर्थ पोचायचा, वेग मार खायचा. २०१६ च्या फेब्रुवारीत व्हल्कन हा नवा ग्राफिक्सचा मापदंड आला. तो कार्डाच्या फार जवळ जाऊन बोलू देतो. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरला ‘नीअर: ऑटोमाटा’ हा जपानी गेम लिनक्सवर खेळायचा होता आणि तो नीट चालत नव्हता. मग त्यांनी डायरेक्टथ्रीडी ११ चं थेट व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा थर स्वतःच लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. एक गेम खेळता यावा म्हणून माणूस एवढं करतो हे वाचून मला विश्रामबागेतल्या त्या बारा रात्री आठवल्या. त्यांचं काम माझ्यापेक्षा शेकडो पटींनी मोठं, पण कळ तीच.

व्हॉल्व्ह कंपनीने त्यांना आधार दिला, वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधले आणि २०१८ च्या २१ ऑगस्टला स्टीममध्ये, म्हणजे गेम विकणाऱ्या आपल्या ऑनलाइन दुकानात, ‘प्रोटॉन’ आणलं. व्हॉल्व्हला हे का सुचलं? २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान आलं, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी उघड चिंता व्यक्त केली होती. स्वतः तेरा वर्षं मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेला माणूस तो. दुसऱ्याच्या जागेत आपला गाळा आहे आणि जागामालकाने शेजारीच दुकान थाटलंय, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाची यंत्रं आली आणि पडली, कारण लिनक्ससाठी लिहिलेले गेम पुरेसे नव्हते. मग प्रोटॉन आलं, आणि २०२२ मध्ये हातात मावणारा गेमचा कॉम्प्युटर, स्टीम डेक.

माझा एक मित्र जर्मनीत असतो. तो दिवाळीला आला तेव्हा त्याचा स्टीम डेक घेऊन आला होता. फराळाची ताटं बाजूला सारून आम्ही दोघं तासभर त्यावर गाड्या पळवत बसलो. तो म्हणाला, “अरे, याच्यात लिनक्स आहे हे मला चार महिन्यांनी कळलं.” मला भरून आलं. ज्या गोष्टीसाठी आम्ही हेडर फाइल्स शोधत फिरलो, ती या माणसाच्या गावीही नव्हती, आणि तसंच असायला हवं होतं.

लहानपणी आमच्या घरी आजोबांनी लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून आणलेली रशियन पुस्तकं होती, मराठीत छापलेली. जाड कागद, मोठी रंगीत चित्रं. समोवार, बर्चची झाडं, गुडघाभर बर्फ. सांगलीच्या उन्हाळ्यात फरशीवर पालथा पडून मी ती वाचायचो. ती भाषांतरं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. अस्वलं मराठीत बोलतात यात नवल ते काय? चांगल्या भाषांतराची खूण हीच, की वाचणाऱ्याला ते जाणवू नये. प्रोटॉन आज या पायरीवर आलंय. कर्नलमध्येसुद्धा त्याच्या खुणा उमटल्यात. विंडोजच्या गेममधले अनेक धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकमेकांसाठी थांबतात त्याची एक खास रीत असते, आणि तिची नक्कल करताना वाइनची दमछाक व्हायची. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स ६.१४ मध्ये ‘एनटीसिंक’ नावाचा भाग तेवढ्यासाठी पूर्ण झाला. आपल्या भाषेत टेबल आणि बटाटा शिरले आणि घरचे झाले, तसंच हे.

मात्र त्या पुस्तकांच्या शेजारच्या फळीवर मराठीत लिहिलेली पुस्तकंही होती. नुसतीच भाषांतरं असती तर मला तेव्हा काही वाटलं नसतं, आज वाटलं असतं. लिनक्सच्या फळीकडे बघताना मला याचीच काळजी वाटते. गेम बनवणारा आता विचारतो, विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर चालतेच आहे, मग लिनक्ससाठी वेगळी कशाला बनवू? त्याचं म्हणणं चूक नाही. दहा वर्षांपूर्वी लिनक्ससाठी खास बनवलेले काही गेम आज मी उघडतो तेव्हा लायब्ररी बदलल्यामुळे ते सुरूच होत नाहीत, आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर सुरळीत चालते. मूळ लेखनापेक्षा भाषांतर जास्त टिकलं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

ओएस/२ या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं असंच झालं होतं. १९९२ मध्ये आयबीएमने ओएस/२ २.० आणली. ती विंडोज ३ चे प्रोग्राम चालवायची, तेही विंडोजपेक्षा चांगले, अशी त्यांची जाहिरातच होती. परिणाम उलटा झाला. कंपन्यांनी विंडोजसाठीच लिहिलं, ओएस/२ वर ते आपोआप चालत होतंच. खास ओएस/२ साठी लिहिणारे थोडे उरले. त्यातला एक ब्रॅड वॉर्डेल. १९९४ च्या सुमारास त्याच्या स्टारडॉक कंपनीने ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’ हा गेम ओएस/२ साठीच बनवला. मग विंडोज ९५ आलं, प्रोग्राम नव्या बोलीत लिहिले जाऊ लागले, आणि ओएस/२ चा दुभाषी मागे पडला. आयबीएमचं लक्ष उडालं. २००६ अखेर पाठबळ संपलं. आणि तो गेम? २००३ मध्ये तो विंडोजवर नव्याने अवतरला.

मग लिनक्सचंही तेच होईल का? मी यावर बराच विचार केलाय आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ओएस/२ मधला दुभाषी मायक्रोसॉफ्टच्याच कोडवर उभा होता आणि आयबीएमच्या पगारावर होता. पगार थांबला, तो घरी गेला. वाइनचा शब्दन्‌शब्द बाहेरून, निरीक्षणाने लिहिलेला आहे आणि तो उघडा आहे. उद्या व्हॉल्व्हचं मन फिरलं तरी तो जागेवर राहील. वाइन तर व्हॉल्व्ह यायच्या आधी वीस वर्षं जगलंच होतं.

स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला. त्याच महिन्यात विंडोज १० चं पाठबळ संपलं. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण वर्षानुवर्षं तो आकडा एकाच्या आसपास रेंगाळताना मी पाहिलाय.

जिथे दार बंद आहे, तिथे ते तंत्रामुळे बंद नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला म्हणून मी त्याला माझा पीसी दिला. कथा सांगणारे, लढायांचे, गाड्यांचे असे त्याचे निम्म्याहून जास्त गेम चालले. पण रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तो एक चालेना. “मामा, गेम उघडतोय, पण सामन्यात घेतच नाहीये.” स्क्रीनवर एका ओळीचा संदेश होता. त्याचे मित्र हेडफोनवर त्याला हाका मारत होते आणि तो बाहेर उभा असल्यासारखा बसला होता. मी तासभर खटपट केली. शेवटी तो म्हणाला, “जाऊ दे रे मामा, मी फोनवर खेळतो.”

तो संदेश अँटी-चीटचा होता. फसवणूक पकडणारे हे प्रोग्राम थेट कर्नलमध्ये शिरून पहारा देतात. लिनक्सचा कर्नल कुणीही बदलून बांधू शकतो, त्यामुळे तिथल्या पहाऱ्यावर कंपन्यांचा भरवसा बसत नाही. २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही प्रोटॉनसाठी सोय करून दिली, पण ती वापरायची की नाही हे गेम बनवणाऱ्यावर सोडलं. काहींनी वापरली. ‘एपेक्स लेजंड्स’ काही काळ लिनक्सवर चांगला चालला, मग २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. फसवणुकीचं कारण त्यांनी दिलं. त्यांची अडचण मला कळते. तरी सरळ खेळणाऱ्या हजारो लोकांना एका ओळीत बाद करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तीन टक्क्यांऐवजी तेरा टक्के असते तर हीच कंपनी दुसरा मार्ग शोधत बसली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुभाषी कितीही हुशार असला तरी समोरच्याने बोलायलाच नकार दिला तर तो काय करणार?

आता मी ज्या खऱ्या लहान सिस्टिमच्या प्रेमात आहे तिच्याकडे येतो. हायकू. १९९० मध्ये ॲपल सोडलेल्या जाँ-लुई गासे यांनी बी इन्कॉर्पोरेटेड काढली, तिची बीओएस ही सिस्टिम आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होती. ॲपल ती घेणार अशी बोलणी झाली, पण १९९६ अखेर ॲपलने तिच्याऐवजी नेक्स्ट ही कंपनी घेतली. २००१ मध्ये बी पाम कंपनीला १ कोटी १० लाख डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी काही चाहत्यांनी ठरवलं, आपण ही पहिल्यापासून पुन्हा लिहू. २००४ मध्ये तिला हायकू हे नाव मिळालं. पहिला बीटा आला २०१८ मध्ये, पाचवा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये. पहिली पक्की आवृत्ती अजून यायची आहे. चोवीस वर्षं माणसं न थकता हे करताहेत.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याच्या बिजागऱ्या सुटल्यात आणि ज्याला विंडोज केव्हाच झेपत नाही, हायकू काही सेकंदांत उभी राहते. पिवळ्या टॅबच्या खिडक्या. कुठेही क्लिक केलं की लगेच प्रतिसाद. पण थ्रीडीचं विचाराल तर तिथे आजही माझ्या २००३ सारखीच स्थिती आहे. ग्राफिक्स कार्डाला काम सांगणारे ड्रायव्हर नाहीत, मेसा सगळे त्रिकोण प्रोसेसरकडूनच रंगवून घेतं. प्रोसेसर आता पुष्कळ वेगवान झाले म्हणून पेंग्विन हवेत लटकत नाही, एवढंच. तरी यातही हालचाल आहे. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग उघडा केला. त्याचा आधार घेऊन २०२५ मध्ये हायकूवर खऱ्या कार्डाने रंगवलेलं थ्रीडी कुणीतरी चालवून दाखवलं. ती बातमी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचली आणि चहा तसाच राहिला. ते अगदी सुरुवातीचं काम आहे, उद्या सकाळी त्यावर नवेकोरे गेम पळतील असं मी म्हणणार नाही. पण वाइनही हायकूवर आलेलं आहे. दुभाषी आधी पोचलाय, चित्रकार वाटेत आहे.

तोवर तिथे ओपनटीटीडी हा गेम आहे. ख्रिस सॉयर यांनी असेंब्ली या प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेला १९९५ चा ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’ लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश तरुणाने उलगडून, सी भाषेत पुन्हा लिहून २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. पूर्वी त्याची बीओएसवर चालणारी आवृत्तीही असायची. आज तो हायकूच्या डेपोतून, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरच्या दुकानातून, एका क्लिकवर मिळतो. द्विमितीय असल्यामुळे कार्डाची गरज लागत नाही. रविवारी दुपारी मी त्या मोडक्या लॅपटॉपवर कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत रूळ टाकतो. डबे भरून निघताना धूर निघतो, गाडी शिट्टी देत बोगद्यात शिरते आणि डोंगराच्या पलीकडून बाहेर येते. भाच्यालाही तो आवडायला लागलाय. परवा त्याने एकाच स्टेशनवर सहा गाड्या कोंडून ठेवल्या आणि सिग्नल कुठे चुकला ते शोधत रात्रीचा एक वाजवला.

सिग्नल सापडल्यावर त्याने भाषेची यादी उघडली आणि विचारलं, “मामा, यात मराठी नाही का रे?” आम्ही गेमचा सोर्स कोड उतरवून बघितलं. भाषांच्या फोल्डरमध्ये ‘अनफिनिश्ड’ नावाचा आणखी एक फोल्डर आहे. अर्धवट राहिलेली भाषांतरं त्यात ठेवतात. मराठीची फाइल तिथे आहे. कुणीतरी, कधीतरी, सुरुवात करून ठेवलेली.

आता रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं वीस-पंचवीस ओळींवर डोकं चालवतो, आधी साध्या वहीत. ‘लेव्हल क्रॉसिंग’ला फाटक, यात काही वादच झाला नाही. बसच्या डेपोला डेपो, एसटीमुळे तोही शब्द आपलाच. आगगाडीच्या डेपोवर मात्र आम्ही तीन दिवस अडलो आहोत. भाचा म्हणतो कारशेड, कारण मेट्रोमुळे तोच शब्द त्याच्या कानावर आहे. मला मिरजेचं यार्ड आठवतं, तिथे ओळीने उभी असलेली इंजिनं आठवतात, आणि वाटतं की तिथे जाऊन एकदा कुणाला तरी विचारून यावं.